चिंचेचं सासर

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत फाटकाशी एक चिंच आहे. गेल्या वर्षी अध्यक्षांना तिच्या जागी दोन गाड्या दिसू लागल्या. झाड पाडायचा ठराव सभेपुढे येणार असं कळलं आणि माझं डोकंच फिरलं. लग्न होऊन नागपूरहून इथे आले, तेव्हा तिच्याच सावलीत मला पुण्यातली पहिली मैत्रीण मिळाली होती.

मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. पुण्यात भांडायचं तर आधी पाटी लावायची, एवढं इथे राहून शिकले होते. खोडाला पाटी टांगली: ‘टॅमरिंडस इंडिका. इंडिका म्हणजे भारतातली. हात लावू नये.’

दुसऱ्याच दिवशी तिच्याखाली अध्यक्षांची पाटी: ‘मूळ आफ्रिकेचे. खात्री करून मगच लिहावे.’

अध्यक्ष खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. नेम चुकत नाही. चिंच खरंच आफ्रिकेतून आलेली.

सभेत ते म्हणाले, "बाई, आपलं लॅटिन कच्चं दिसतंय."

मग मी तासच घेतला. इंडिका हे विशेषण मुळात आपल्या सिंधूचं. इराण्यांनी ‘स’चा ‘ह’ केला, ग्रीकांनी तो ‘ह’ही गिळला, लॅटिनने मागे शेपूट जोडलं. झालं इंडिका. टॅमरिंडस शेवटच्या ‘अस’मुळे दिसतो पुरुषासारखा, पण लॅटिनमध्ये झाडं बहुतेक बायकाच. म्हणून विशेषणही बाईचं.

"ते असू दे. ती मुळात इथली नाही ना?"

"नाही. माहेर आफ्रिका. इंडिका हे सासरचं नाव. अहो, इथे बसलेल्या बायकांत इथली कोण आहे? कोणी साताऱ्याची, कोणी सोलापूरची. आम्हालाही पाडणार का?"

ठरावाच्या विरोधात सगळ्या बायकांचे हात वर गेले. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचा तर सगळ्यांत आधी. ठराव पडला.

मी तरंगतच घरी आले. जन्माने पुणेकर असलेला माझा नवरा फोनवर मित्राला सांगत होता, "आमची ही ऐकतेय कुठे! नागपूरची आहे ना."

हसू आलं, आणि लागलंही. चिंचेला एका सभेत जे मिळालं, ते मला केस पांढरे झाले तरी मिळालं नव्हतं.

सकाळी दारावर नवी पाटी लावली: माझं नाव, खाली ‘पुण्याची’, त्याखाली ‘खात्री करून मगच लिहिले आहे.’

नवऱ्याने ती दोनदा वाचली. पाटी जरा वाकडी लागली होती. त्याने ती सरळ केली.