पाचव्या दिवशीची निवड

बाई चिडल्या होत्या, आणि चिडायलाच हव्या होत्या. बावीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेतले मासे सांभाळले. टाक्यांच्या काचा घासल्या, पिल्लांना भरवलं आणि सरांनी घालून दिलेला नियम मुकाट पाळला. नियम असा: पिल्लं पाच दिवसांची झाली की वाकडी, अधू असतील ती वेचून फेकायची. उरलेली धडधाकट संशोधकांच्या हवाली करायची.

सरांच्या हाताखालच्या पोरीने माशांच्या डीएनएमधला एक तुकडा कापला होता. तिथे एकही जनुक नाही, नुसतं रिकामं माळरान, असं सगळे म्हणायचे. पोरीचं म्हणणं वेगळं. माशाला पोहायचे पर फुटवणारं जनुक तिथून बरंच लांब आहे खरं, पण ते चालू करायची कळ याच माळरानात आहे. आठ महिने झाले, तिच्यापुढे येणारं प्रत्येक पिल्लू मात्र परांसकट. बिचारी खंगली. शुक्रवारी सर तिचं काम गुंडाळणार होते.

आणि इकडे बाई दर खेपेला तिच्याच माशांच्या पिल्लांतलं चारातलं एक फेकत होत्या. छातीजवळचे पर नाहीत, बाकी अंगाने ठणठणीत. तीनदा त्यांनी ते सरांच्या कानावर घातलं. तिन्ही वेळा सर म्हणाले, कमजोर आहेत, काढून टाका, डोकं आम्ही चालवतो.

बुधवारी पोरगी जिन्यात रडताना दिसली आणि बाईंचं टाळकं सटकलं. त्या दिवशीची बिनपरांची एकोणीस पिल्लं त्यांनी फेकली नाहीत. भांड्यात घालून थेट सरांच्या टेबलावर आदळली. सरांचा चेहरा पडला. मग आवाज खाली आणून म्हणाले, याच खेपेला निघाली असं सांगू, जुनं उकरून काय मिळणार?

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. काही लाजलज्जा आहे की नाही या माणसाला? भांडं उचलून त्या तडक पोरीकडे गेल्या आणि म्हणाल्या, आठ महिने दर खेपेला अशी निघतायत.

पोरगी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिली. आधी हसली, मग तिचं हसू मावळलं. "आठ महिने अशी निघत होती? मग फेकली कोणी?"

सरांचं नाव बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मी," त्या म्हणाल्या. "तीनदा सरांना सांगितलं. तुला एकदाही नाही."