पट्टीचं नाक

मिस्त्रींचं नाक दिसायला काही विशेष नव्हतं. बसकं, रुंद, टोकाला तेलकट. तरी त्यांना सगळे नाकवाले म्हणत. एखादा पट्टीचा गवई असतो तसं ते पट्टीचं नाक, असं शेजारचा सुट्या भागांचा दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे आणि आपल्याच विनोदावर हसे. कारण मिस्त्रींचं निदान खरोखरच एका पट्टीवर चाले. इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून काढायची, तिच्या टोकाचं तेल दोन बोटांत चोळायचं, मग ती बोटं नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. गिऱ्हाईक गप्प उभं. क्लच जळालाय. पेट्रोल मुरलंय तेलात. डोळे उघडता उघडता निकाल बाहेर पडे, आणि तो सहसा चुकत नसे.

या दुकानदाराला लोक वॉशर म्हणत, कारण कुठल्याही दोन माणसांच्या मधे तो जाऊन बसे.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींना ताप आला. आठ दिवस अंथरुणात, नवव्या दिवशी कामावर. सुटे भाग धुवायला त्यांनी डबा उघडला आणि त्यांना वाटलं, पेट्रोलच्या डब्यात कुणी पाणी भरून ठेवलंय. हात आत गेला तेव्हा तो ओळखीचा गारवा बोटांना लागला. पेट्रोलच होतं. त्यांनी डबा नाकाजवळ नेला, मग नाकालाच टेकवला. भिंत हुंगावी तसं झालं.

येईल परत, असं ते महिनाभर स्वतःला सांगत राहिले. मग सांगायचं सोडलं. दुसऱ्या कुणाला कधी सांगितलंच नाही, बायकोलाही नाही. नाकवाल्याचं नाक गेलं, हे वाक्य नुसतं मनात आलं तरी कानाच्या पाळ्या तापत. आपल्या भाषेत नाक गेलं की मागे काय उरतं?

आणि खरी लाजिरवाणी गोष्ट ही, की काही अडलं नाही. तेलाचा रंग होता, इंजिनाचा आवाज होता, बोटांना कळणारा जाडपणा होता. तीस वर्षांचा हात होता. त्यांवर निदान होत होतं, आणि बहुतेक वेळा बरोबर येत होतं. बोटं नाकाशी नेणं मात्र त्यांनी सोडलं नाही. उलट डोळे पूर्वीपेक्षा थोडे जास्त वेळ मिटू लागले. वॉशर म्हणे, वयाबरोबर नाक मुरत चाललंय. मिस्त्री यावर काही बोलत नसत, आणि लोकांना तो विनय वाटे.

दूध संघाच्या गुरांच्या डॉक्टर एक बाई होत्या. वरच्या चढणीवरच्या गोठ्यांपर्यंत नीट रस्ता नव्हता, म्हणून संघाने त्यांना चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी दिली होती. दगडातून, चिखलातून ती उड्या मारत जाई. सगळे तिला बेडूक म्हणत. डॉक्टरबाई काटकुळ्या, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. आणि त्या बेडकावर बसल्या की लोकांना हसू येई, हेही त्यांना ठाऊक होतं.

एका सकाळी त्या बेडूक घेऊन आल्या. म्हणाल्या, दोन दिवस पेट्रोलचा वास येतोय, कार्बोरेटर गळत असेल का बघा. मिस्त्रींनी वाकून पाहिलं. कार्बोरेटर खालून कोरडा ठणठणीत. जमिनीवर थेंब नाही. मग त्यांनी पट्टी ओढली. तेल खुणेच्या बरंच वर होतं. बोटांत चोळलं, बोटं नाकाशी नेली, डोळे मिटले.

वॉशर स्टूल घेऊन येऊन बसलाच होता.

"पेट्रोल नाही," मिस्त्री म्हणाले. "तेल जास्त भरलंय तुम्ही."

बाई म्हणाल्या, त्यांनी महिन्यापूर्वी खुणेपर्यंतच भरलं होतं, त्यानंतर हात लावलेला नाही. वॉशरने मधेच विचारलं, महिन्याभरात तेलाला पालवी फुटली की काय. तो हसला, आणि त्याच्या दुकानासमोर उभे असलेले दोघेही हसले. बाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी पुन्हा सांगितलं, की वास येतोय. आत्ताही येतोय.

"बाई, गुरांचं तुम्हाला कळतं, यंत्राचं मला. हात धुवा साबणानं. तुमच्या हातालाच लागलं असेल पेट्रोल."

बाईंनी खरंच आपले हात नाकाशी नेले. त्या सगळ्यांच्या समोर, एकदा उजवा, एकदा डावा. मग म्हणाल्या, असेल.

मिस्त्रींनी जादाचं तेल एका डब्यात काढलं आणि गाडी परत दिली. तेल काढताना ते धारेने फार पटकन आलं. चोळतानाही बोटांना पातळ लागलं होतं. हे नंतर आठवलं असं नाही; तेव्हाच कळलं होतं. बोटं सांगत होती. पण शब्द तोंडातून गेला होता, चौघांनी ऐकला होता, आणि नाकापेक्षा बोटांचं ऐकायचं तर नाकाला काय झालं ते सांगावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी बेडूक दोरीला बांधून ट्रॅक्टरच्या मागून आला. इंजिन जाम झालं होतं. डॉक्टरबाई बरोबर चालत आल्या होत्या. काय झालं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. वर एका म्हातारीची गाय अडली होती, वासरू आडवं आलेलं. निम्म्या चढावर इंजिन खडखडलं आणि थांबलं. पुढचं अंतर त्या पिशवी घेऊन चालत गेल्या, दीड तास लागला. गाय वाचली.

मिस्त्रींनी वासराचं विचारलं नाही.

"चूक माझीच असणार," बाई म्हणाल्या. "तेलाचं मला नीट कळलं नाही. तुम्ही सांगितलं होतंत."

शिव्या दिल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. मिस्त्री पान्ह्याचा नंबर शोधत असल्यासारखे पेटीत बघत राहिले.

दुपारी दूध संघाच्या साहेबांचा फोन आला. त्यांना बिघाडाचं कारण लेखी हवं होतं. चालवणाऱ्याच्या हलगर्जीपणाने झालं असेल तर गाडी काढून घेऊन दुसऱ्या शाखेला द्यायची आणि बाईंना कार्यालयात बसवायचं, असं ठरत होतं. साहेब म्हणाले, तुम्ही आधीच तेलाबद्दल बजावलं होतंत म्हणे, तेवढंच दोन ओळींत लिहा. तुमच्या नाकावर आमचा विश्वास आहे.

मिस्त्री म्हणाले, आधी उघडून बघतो.

बायको जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा ते बेडकाशेजारी नुसतेच बसले होते. ती दारातच थांबली आणि पदर तोंडाला लावला.

"अहो, पेट्रोल उघडं कशाला ठेवलंत एवढं?"

त्यांनी सांगितलं, इथे पेट्रोल नाही, टाकी रिकामी केलीय. ती आत आली, फळीखाली वाकली आणि एक डबा पायाने पुढे सरकवला. त्या दिवशी बेडकातून काढलेल्या तेलाचा डबा. झाकणावर त्यांनी स्वतःच खडूने लिहिलं होतं: तेल.

"हे काय मग?"

मिस्त्रींनी डबा घेतला. सवयीने नाकाशी नेला. बायको बघत होती. तिने डब्यातलं जेवण काढून फळीवर मांडलं, भांडी उगाच दोनदा सरळ केली, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या शेजारी दूध करपून कोळसा झालं होतं, अन् तुम्ही पेपर वाचत होता. तेव्हापासून मला माहितीय. म्हटलं, तुम्ही सांगाल."

दोन वर्षं. मिस्त्रींना एकेक आठवू लागलं. रोज सकाळी ती दूध हुंगून आपण होऊन म्हणे, चांगलं आहे हो. त्यांचा शर्ट स्वतःच्या नाकाशी नेऊन न बोलता दुसरा काढून ठेवी. घरात एक नाक दोघांसाठी काम करत होतं आणि ते बाहेर बसून नाकवाले म्हणवून घेत होते.

"अगं," ते म्हणाले.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर त्यांनी कार्बोरेटर काढला. खालची वाटी सोडवली. आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा, ठीक होता. तो वर आला की एक छोटी सुई वर जाऊन पेट्रोलचं भोक बंद करते. त्या सुईच्या रबरी टोकाला खोल वळ पडला होता आणि वळात वाळूचा कण. भोक बंदच होत नव्हतं. अशा वेळी जादा पेट्रोल एका नळीतून बाहेर जमिनीवर पडतं, आणि गळती कुणालाही दिसते. मिस्त्रींनी त्या नळीत तार घातली. तार अडली. जोर लावला तेव्हा मातीचा एक गोल निघाला, आणि त्यामागे वाळलेला कोळी. मातीचं घर करणाऱ्या कुंभारीण माशीने नळीच्या तोंडात घर बांधलं होतं. बाहेरची वाट बंद, म्हणून पेट्रोल आत, इंजिनात. तिथून तेलात. तेल चढत गेलं आणि पातळ होत गेलं, आणि पातळ तेलाने चढावर दम सोडला. बाईंनी एक थेंबही जास्त भरला नव्हता.

मातीचा तो गोल त्यांनी तळहातावर धरला. एवढंसं घर, आत नीट ठेवलेलं भक्ष्य. माशीची काही चूक नव्हती. तिला एक भोक दिसलं, तिने बुजवलं.

इंजिन खोलायला तीन दिवस गेले. नवी सुई, तिची नवी बैठक, वाटीचं नवं पॅकिंग. खाली बेअरिंगं, पिस्टन. ते रोज कामाला लागत आणि रोज कबुलीचं वाक्य मनात जुळवत. कधी त्यात ताप यायचा, कधी माशी यायची, कधी दोन्ही यायची, आणि मग ते वाक्य इतकं सभ्य व्हायचं की त्यात ते स्वतः कुठे दिसतच नसत. गाडी जोडून झाली तेव्हा त्यांनी पेट्रोलचा कॉक उघडा ठेवून कार्बोरेटरखाली कोरा कागद पसरला आणि दिवसभर तसाच राहू दिला. मग पट्टी काढून तेलाचा एक थेंब दुसऱ्या कागदावर टेकवला. पेट्रोल असतं तर डागाभोवती फिकट कडं पसरलं असतं. कडं नव्हतं. हे कागद त्यांना पहिल्या दिवशीही वापरता आले असते. पण कागदाला कोण नाकवाले म्हणणार?

शनिवारी साहेब आले, बाई आल्या, वॉशर अर्थातच आला. साहेबांनी कागद मागितला. मिस्त्रींनी दिला. त्यावर लिहिलं होतं: तेलात पेट्रोल उतरत होतं. बाईंनी वेळेवर सांगितलं होतं. मला वास येत नाही, दोन वर्षं. चूक माझी.

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि घडी घातली. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, की मिस्त्रींचं मन मोठं आहे, पण बाईंना पाठीशी घालण्यासाठी एवढं लिहायची गरज नव्हती. वॉशर म्हणाला, "नाकवाल्यांना वास येत नाही! मग मला पण मोजता येत नाही, उधारी सगळी माफ." आणि तो मनापासून हसला.

मिस्त्रींनी हे गृहीत धरलंच नव्हतं. लाज ओंजळीत घेऊन आलेल्या माणसाला हार घालावा, तसं झालं होतं. आणि क्षणभर, एकच क्षण, त्यांना वाटलं की असू दे. कागदावर खरं लिहिलंय. आपण सांगितलं, लोक ऐकत नाहीत त्याला कोण काय करणार?

तेवढ्यात डॉक्टरबाईंनी पिशवी उघडली. कापसाचा बोळा काढला, बाटलीतल्या स्पिरिटमध्ये भिजवला. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि दोन्ही हात मागे धरले, म्हणजे बोटांना काही कळायला नको. बाईंनी दुसऱ्या हाताने त्यांची हनुवटी वर केली, जनावराची करतात तशी, न दुखवता आणि न विचारता.

"काय येतंय?"

"काही नाही."

"आता?"

"काही नाही. अंदाज सांगू शकतो. दोन वर्षं तेच सांगतोय."

डोळे उघडले तेव्हा बोळा त्यांच्या वरच्या ओठाला टेकलेला होता. साहेबांनी स्वतःचं नाक रुमालात धरलं होतं. वॉशर स्टुलावरून उठून उभा राहिला होता आणि, कधी नव्हे तो, दोघांच्या मधून बाजूला झाला होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं. मिस्त्रींनी फक्त एकदाच बघितलं.

साहेबांनी कागदाची घडी उघडली, खिशाला लावलेलं पेन काढलं आणि वर काहीतरी खरडलं. गाडी बाईंकडेच राहील म्हणाले. मग घाईने गेले, जसं कुणी उघड्या दारातून चुकून आत पाहिल्यावर जातं.

बाई बेडकाशी वाकून कार्बोरेटरखालचा कागद बघत होत्या, कोरडा. मिस्त्रींनी विचारायचं ते आता विचारलं. वासरू?

"कालवड होती," त्या म्हणाल्या. बोळा कागदात गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकला. "तासभर आधी पोचले असते तर सांगता नाही येत. कदाचित."

मिस्त्रींनी मान हलवली. कदाचित हा शब्द त्यांनी घेतला. तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना, आणि तो हलकाही नव्हता.

गाडी द्यायच्या आधी पट्टी एकदा बघायची असते. त्यांनी ती ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून काढली. तेल खुणेवर. टोकाचं तेल दोन बोटांत चोळलं, जाड होतं, चांगलं होतं. आणि हात आपोआप वर चालला, छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत, आणि तिथे थांबला. ना वर नेता येईना, ना त्या दोघांसमोर खाली आणता येईना.

"पट्टी इकडे द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.