बोर्ड ठणठणीत होता

किचन ट्रॉली बनवून बसवण्याचा माझा धंदा. दुसऱ्यांच्या साइटवर ड्रिल मशीन धरून सुरुवात केली, आता वसईजवळ गास गावाच्या रस्त्याला स्वतःचा गाळा आहे. पूर्वी प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने रेघा मारल्या तरी गिऱ्हाईक पटायचं. आता त्याला त्याचं स्वयंपाकघर स्क्रीनवर गोल फिरवून दाखवावं लागतं. त्यासाठी घरी कॉम्प्युटर जोडून घेतला होता, एकेक भाग घासाघीस करून. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम मात्र रीतसर विकत घेतलेली. आमच्या धंद्यातले बहुतेक जण फुकटची टाकून घेतात आणि मला वेड्यात काढतात.

वसईतल्या एका सोसायटीची नवी इमारत उभी राहत होती. सगळ्या घरांच्या किचनचं काम एकाच माणसाला देणार होते. एवढं मोठं काम मला आजवर मिळालं नव्हतं. कमिटी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरी चित्रं बघायला येणार होती. त्यांचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. माझ्या आधीच्या माणसाला त्यांनी बिलावरचा जीएसटी नंबर चुकला म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं.

माझ्या मशीनवर चित्र फिरवताना अडकायचं. म्हणून दुपारी मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलून घ्यायला स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. जुना बोर्ड त्यालाच देऊन भाव कमी करायचा, असा माझा बेत.

"शेठ, जुना माल आहे," दुकानदार म्हणाला. "आज चालतोय, उद्या बसेल."

"बसेल? आत्ता चालू करून दाखवतो. धुळीचा कण नाही त्याच्यावर. तुझ्या काचेतल्या मालापेक्षा बरा आहे."

तासभर भांडलो, पण मनासारखा सौदा केला. नवा बोर्ड बसवून मशीन घेऊन घरी आलो, चालू केलं, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटली: अ‍ॅक्टिव्हेट करा. चित्र उघडलं, तर अक्षरं नेमकी सिंकवर. काही केल्या हलेनात. आत जाऊन बघितलं, तर तुमच्याकडे वैध लायसन्स नाही, असा निरोप.

माझ्याकडे नाही! सगळ्या लाइनीत एकट्या माझ्याकडे आहे!

पण सकाळी कमिटी येणार होती. सेक्रेटरी ती अक्षरं वाचणार, चष्मा वर करणार आणि उठणार. मशीन मध्येच बंद पडलं तर? आतली चित्रं गेली तर? कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. बराच वेळ संगीत वाजल्यावर एक मुलगी आली, आणि चक्क मराठीत बोलली. मी सगळं सांगितलं.

"सर, आधीचा बोर्ड खराब झाला होता का?"

"नाही."

"म्हणजे, चालू होत नव्हता, मध्येच बंद पडायचा... असं काही?"

दुपारपासून दुसऱ्यांदा कोणीतरी माझ्या वस्तूला नावं ठेवत होतं. "अहो मॅडम, ठणठणीत होता! माझी वस्तू कधी खराब होत नाही. त्या दुकानदाराने मुकाट्याने ठेवून घेतलाय."

तिने काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सर, तुमचं लायसन्स त्या बोर्डापुरतंच होतं. बोर्ड बिघडून बदलला असता, तर नव्यावर चालू करून देता आलं असतं. तुम्ही अपग्रेड केलंत. आता नवीन घ्यावं लागेल."

"तसा तो गरम व्हायचा थोडा," मी म्हणालो.

"सर, बोर्ड चांगला होता, अशी मी नोंद केली आहे."

मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला तर बायको भाजी निवडता निवडता हसत होती.

"अहो, ती तुम्हाला दोनदा दार उघडून देत होती."

"मग सरळ सांगायचं ना, असं असं बोला म्हणून!"

"सरळ सांगून तिची नोकरी जाईल. तुम्ही बसा बोर्डाची तारीफ करत."

त्याच संध्याकाळी नवं लायसन्स ऑनलाइन घेतलं, छापील भावात. वेबसाइटशी हुज्जत घालता येत नाही. एकच वस्तू मी दोनदा विकत घेतली, असं मी आजही म्हणतो. बायको तसं म्हणत नाही.

अक्षरं गेली, धास्ती गेली नाही. सकाळी कमिटी आली तेव्हा मी आधी स्क्रीनचा कोपरा बघून घेतला. किचन फिरवून दाखवलं. चिमणी, ओटा, सिलिंडरची जागा, सगळं बघून झालं. सेक्रेटरी म्हणाले, "हे सॉफ्टवेअर वगैरे सगळं अधिकृत ना?"

"दोनदा अधिकृत!" माझा आवाज चढलाच. "पावती काढू?"

"अहो, चिडता कशाला? सहज विचारलं."

आतून बायकोने कपबश्या जरा जोरात वाजवल्या. मी चहा आणायला उठलो. चहा झाला, तरी होकार नाही की नकार नाही.  चपला घालताना सेक्रेटरी म्हणाले, "आधी एका फ्लॅटमध्ये नमुना करून दाखवा. मग पुढचं ठरवू."

ते जिना उतरेपर्यंत मी दारातच उभा होतो. मग टेप घेऊन मापं घ्यायला निघालो.