दारातला निवडुंग गच्चीवर कोणी नेला?

डोकं तापलेलं आहे, म्हणून आत्ताच लिहून टाकते मंडळी.

मी रानातल्या निवडुंगांचा अभ्यास करते. आज सकाळीही त्यासाठीच दर्यापूरकडच्या एका आडगावी गेले होते. दुपारी अमरावतीला घरी आले, तर दारातल्या माझ्या निवडुंगाच्या सगळ्या कुंड्या गायब! आईने त्या गच्चीवर नेऊन वर चादर टाकली होती.

"काहून वं आई?"

"पाहुणे येऊन राह्यले तुले पाहाले. दारात काटे दिसले तं पोरगी भांडखोर हाये म्हणतीन."

तेवढ्यात पाहुणे आले. पोहे खाताखाता मुलाचे काका म्हणाले, "लग्नानंतर हे रानोरान हिंडणं बंद करा लागीन, बरं!"

मी उठले. गच्चीवरून सगळ्यात काटेरी कुंडी आणली आणि त्यांच्या प्लेटीशेजारी ठेवली.

"काकाजी, हे झाड सोताहून कोणाच्या अंगावर जात नाही. हात लावला तरच टोचते. अन् माहं हिंडणं काही बंद होत नाही."

पोहे अर्धे टाकून पाहुणे गेले. आई बोलत नाहीये. कुंड्या मात्र मी परत दारात मांडल्यात.

पाहुणे येणार म्हटलं की तुमच्या घरी तुमचं काय लपवतात? आज ते दारात आणून ठेवा.