मागची सीट

गल्लीत त्याला सगळे टिप्सवाला म्हणत. कुणाचा कॉम्प्युटर रखडला की तो सांगे, "नको ते काढून टाका, पळायला लागेल." स्वतःच्या गाडीलाही त्याने तोच न्याय लावला. मागची सीट काढून तिथे स्पीकरचं खोकं बसवलं.

एका सकाळी आई बाथरूममध्ये पडली आणि तिचा खुबा मोडला. धाकट्या भावाने शेजाऱ्याच्या मदतीने तिला चादरीत घालून आणलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

"दादा, हिला निजवू कुठे? स्पीकरवर?"

शेजारी फिसकन हसला. आई कण्हत म्हणाली, "मलाही काढून टाक रे, आणखी पळेल."

शेवटी तिला शेजाऱ्याच्या टेम्पोत घातलं. टिप्सवाला रिकामी गाडी घेऊन मागून निघाला. गाडी इतकी झकास पळत होती, की टेम्पोच्या पुढे जाऊ नये म्हणून त्याला सारखा ब्रेक दाबावा लागत होता.