फ्लॉपीला लाळ सुटली तो दिवस

भूतबीत मी मानत नाही. मानत असते तर त्याच्यावर ढकलून मोकळी झाले असते... ही किळस एवढी वर्षं बोटांवर घेऊन फिरले नसते.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. आमचं पेन्शनचं ऑफिस तात्यापाऱ्यात, भाड्याच्या घरात. कॉम्प्युटर माझ्याकडे. चार महिने लिनक्स काय शिकले, नाक एवढं वर की छताची जळमटं त्यात अडकायची.

एक दिवस सर्व्हर सुरूच होईना. खोलला तर आत सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ, थरच्या थर, त्यात झुरळांची अंडी. शी! बाहेर बाकावर सुखमतबाई बसलेली – आमच्याच वारलेल्या शिपायाची बायको. नवऱ्याच्या नोकरीची नोंद फक्त त्या सर्व्हरच्या डिस्कवर, त्यापायी तिची पेन्शन अडलेली. घरी जा म्हटलं तर म्हणे, "नइ मैडम, मैं बइठे हंव."

मी ठरवलं, एका फ्लॉपीत मावेल एवढंच लिनक्स बनवायचं. कर्नेल म्हणजे त्याचा गाभा, कमांड द्यायला चिमुकलं शेल, डिस्क जोडायची आणि कॉपी करायची कमांड, बस. ते मेमरीत उघडेल, मरत्या डिस्कवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर काढेल. जागा पुरेना, म्हणून नको ते सगळं कापत सुटले. सासूबाईंचं स्वयंपाकघर मी कधी एवढं आवरलं नाही.

फ्लॉपी घातली. कॉपी सुरू झाली आणि वास आला... उंदीर मरून आठवडा झाल्यासारखा. शेजारच्या टेबलावरचे वर्मा भैया नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मैडम, मशीन सड़ रही है क्या?" मी उठले नाही, दारातून ती बाई दिसत होती.

कॉपी संपली तसा वास गेला. फ्लॉपी काढली – कोमट, ओली. बोटांना तार सुटली, लाळेसारखी. नळावर जाऊन ओकले. मग अख्खं मशीन खोललं. उंदीर नाही, पाण्याचा थेंब नाही.

नोंद मात्र मिळाली. सुखमतबाई कागद घेऊन गेली, आणि मी ऑफिसभर मिरवले.

पुढे तशीच दुसरी फ्लॉपी बनवायला बसले तेव्हा पाहिलं – ती डिस्क ओळखायला लागतो तो ड्रायव्हर मी फ्लॉपीत घातलाच नव्हता! कापाकापीत तोही उडवलेला. ड्रायव्हर होता तो त्या डिस्कवरच. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात. त्याच्याशिवाय ती डिस्क दिसूच शकत नाही. तीच फ्लॉपी, तेच मशीन, पुन्हा लावून पाहिलं. डिस्क सापडत नाही, म्हणे. वासही नाही.

माझी इंजिनियर नात म्हणते, "आजी, ड्रायवर कर्नेल में ही रहा होगा."

"पोट्टे, ते कर्नेलही मीच कापलं होतं. मले काय शिकवून राहिली?"

मग डिस्क वाचली कोणी? माहीत नाही. कोणीतरी चाटून वाचली, असं मनात येतं. कणीक मळायच्या आधी अजून बोटं हुंगते. पण सुखमतबाईची पेन्शन सुरू झाली ना... म्हणून त्या मेल्याला धड शिवीही देता येत नाही.