धोट्यावरचं रक्त

कापड विणायच्या लूमच्या तेलाचा वास आला, की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कॉम्प्युटरवर उडवायचं विमान मी स्वतः बनवत होतो. पंखांची मापं भरली, की सॉफ्टवेअर ते हवेत कसं वागेल याचा अंदाज काढायचं. आमच्या घरी कापडाचा धंदा, त्यामुळे सगळी मापं इंचात. मी फुटांच्या जागी इंचच भरत बसलो. महिनाभर विमान उठताच उलटून आपटायचं. चूक सापडली त्या दुपारी ते सरळ उडालं.

"पप्पा, बघा!"

कारखान्यातून आलेल्या पप्पांनी ते उडताना पाहिलं आणि हातातला, लूममध्ये आडवा धागा नेणारा लाकडी धोटा स्क्रीनवर हाणला. पुन्हा पुन्हा हाणला. धोट्याच्या लोखंडी टोकावर रक्त होतं.

"हात कापला ना? बरं झालं!" मी किंचाळलो.

त्यांचा हात कापलाच नव्हता. तासाभरापूर्वी तोच धोटा चालत्या लूममधून सुटून कारखान्यातल्या त्यांच्या जोडीदाराच्या, रशीदचाचांच्या डोळ्यात घुसला होता.